कबड्डीत डोक्याला मार लागला तर मैदानाच्या कडेला खेळाडूला कोणी तपासायचं?

पऱ्हाटीवाला (दारव्हा, जि. यवतमाळ)

मंडळी, जरा सविस्तर लिहितो. रविवारी मंडळाची बैठक आहे आणि त्याआधी इथल्या जाणकारांचं मत पाहिजे.

आमच्या गावात कापसाची वेचणी आटोपत आली की दिवस-रात्र कबड्डी सामने होतात. मातीचं मैदान, हॅलोजनचा उजेड, आजूबाजूच्या तालुक्यांतले संघ. मागच्या हंगामात उपांत्य सामन्यात शेजारच्या गावचा एक चढाईपटू पकडीत सापडला आणि पडता पडता आमच्या कव्हरचा (बचावपटूचा) गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. पोरगा लगेच उठला. कोणी तोंडावर पाणी मारलं, कोणी पाठीवरची माती झटकली, टाळ्या झाल्या. पुढच्या चढाईला मध्यरेषा ओलांडून गेला, पण तोंडातून ‘कबड्डी कबड्डी’ नाहीच. हात हलवत नुसताच फिरत होता. पंचांनी बाद दिला. बाहेर येताना तो आपल्या पोरांकडे न जाता समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसला. लोक हसले. थोड्या वेळानं त्याच्या संघाला गुण मिळाला, तो परत आत आला आणि सामना संपेपर्यंत खेळला.

रात्री पंगतीत उलट्या सुरू झाल्या. ग्रामीण रुग्णालय, तिथून यवतमाळ. सीटी स्कॅन नॉर्मल आला. आता बरा आहे, पण त्यानंतर बरेच दिवस डोकं दुखायचं आणि उजेड सहन व्हायचा नाही, असं त्याचा भाऊ सांगतो.

माझं म्हणणं असं की ज्याच्याबद्दल शंका आली त्याला त्या दिवशी पुन्हा खेळवायचंच नाही, हा नियम यंदा छापून लावावा. मंडळात दोन आक्षेप आले. एक, मैदानावर डॉक्टर नसतो, मग ठरवणार कोण? दोन, असले नियम लावले तर संघ येणार नाहीत. तुमच्याकडे काय करतात?


मोहफूल

चांगला विषय. आमच्याकडे मंडईच्या (दिवाळीनंतरच्या जत्रेच्या) सामन्यांत बर्फाची पिशवी आणि दुखण्यावरचा स्प्रे, एवढंच असते. वाचतो आहे.


वैनगंगाकाठ

मी भंडारा जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे, म्हणून थोडं लांब लिहिते.

पऱ्हाटीवाला, तुम्ही सांगितलेल्या त्या दोन-तीन मिनिटांत सगळं दिसत होतं. चढाईत बोलायचं विसरणं, चुकीच्या बाकावर बसणं ही कन्कशनची, म्हणजे मेंदूला हादरा बसल्याची ठळक लक्षणं आहेत. आपल्याकडे समज असा की बेशुद्ध पडला तरच काळजी. खरं तर कन्कशन झालेल्या दहांतले नऊ खेळाडू बेशुद्ध पडतच नाहीत. आणि सीटी नॉर्मल आला म्हणजे कन्कशन नव्हतं असंही नाही. सीटीत रक्तस्राव दिसतो, फ्रॅक्चर दिसतं; हादऱ्यानं मेंदूच्या कामात झालेला बिघाड दिसत नाही. गाडगं फुटलेलं नसतं, पण आतलं दही हललेलं असतं.

आता ‘डॉक्टर नाही तर कोण’ याबद्दल. ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला खेळातल्या कन्कशनवर सहावी आंतरराष्ट्रीय परिषद झाली. त्यातून २०२३ मध्ये दोन वेगळी साधनं आली. स्कॅट-६ हे डॉक्टर आणि प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आहे. ते नीट करायला कमीत कमी दहा-पंधरा मिनिटं आणि शांत जागा लागते. लाऊडस्पीकरखाली ते होत नाही. दुसरं सीआरटी-६, हे मुद्दाम सामान्य माणसांसाठी केलंय: प्रशिक्षक, शिक्षक, पालक, मंडळाचा कार्यकर्ता. त्यानं निदान करायचं नसतं, फक्त शंका ओळखायची आणि खेळाडूला बाहेर काढायचं. त्यासाठी एमबीबीएस लागत नाही.

कडेला उभ्या माणसानं बघायचं काय? पडल्यावर हालचाल न करणं, उठायला उशीर लागणं, तोल जाणं, डोकं धरून बसणं, टक लावून शून्यात पाहणं, प्रश्नाचं उत्तर द्यायला वेळ लावणं. खेळाडू स्वतः सांगेल ते: डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय, धूसर दिसतंय, उजेड-आवाज नको वाटतो, ‘काहीतरी बरोबर वाटत नाही’. यातलं एकही असलं तरी शंका घ्यायला पुरेसं.

आणि हे दिसलं तर विचार करत बसायचं नाही, १०८ लावायची: मान दुखणं, दोन-दोन दिसणं, हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, उलटी, शुद्ध हरपणं किंवा हळूहळू गुंगी वाढणं, एकदम बेचैन होऊन मारामारीवर येणं. मान दुखते म्हणाला तर चार जणांनी हातपाय धरून उचलायचं नाही. आहे तिथेच स्थिर ठेवायचं. आपल्याकडे नेमकं उलट होतं.


जुनारेडर

डॉक्टर मॅडम, तुमचा मान ठेवून सांगतो. आमच्या टायमाले मातीतच खेळलो, डोक्यावर पडलो, पानी मारलं, उभे रायलो. कबड्डीत डोकं गरगरनं हे रोजचंच आहे. तुमची यादी लावली तं दर सामन्यात तीन पोट्टे बाहेर बसतीन आन् सामना पाच-पाचचा होईन. गावातल्या लोकायले खेळ पाह्यचा असते, दवाखाना नाई.

आन् फायनल म्हनजे गावच्या इज्जतीचा प्रश्न असते. मुख्य रेडर बाहेर काढला तं मैदानात खुर्च्या फिरतीन, हे बी लक्षात घ्या.


पीटीसर (साकोली)

जुनारेडर भाऊ, पाच-पाचचा कशाला होईल? संघात बारा नावं असतात, सात मैदानात आणि पाच राखीव. बदली खेळाडूची सोय आपल्या खेळात आधीपासून आहे. राखीव पोरं रात्रभर स्वेटर घालून बसून असतात, त्यांनाही खेळायचं असतेच की!

वैनगंगाकाठ मॅडमनी लक्षणं सांगितली, मी प्रश्नांबद्दल सांगतो. शाळेच्या संघासोबत फिरताना मी मॅडॉक्स प्रश्न वापरतो. डेव्हिड मॅडॉक्स या ऑस्ट्रेलियन संशोधकाच्या नावानं ते ओळखले जातात, मूळ ऑस्ट्रेलियन फुटबॉलसाठी होते. कबड्डीला असे बसतात: आपण आत्ता कोणत्या गावच्या मैदानावर आहोत? पहिला हाफ चालू की दुसरा? शेवटचा गुण कोणी घेतला? याआधीचा सामना कोणाशी होता? तो जिंकलो की हरलो?

‘तुझं नाव काय, आज वार कोणता’ असं विचारून काही हाती लागत नाही. नाव तर पोरगा गुंगीतही सांगतो. आणि रात्री दोन वाजता वार विचाराल तर प्रेक्षकांतल्या अर्ध्या लोकांना सांगता यायचा नाही. ताज्या आठवणीचे प्रश्न जास्त कामाचे. फक्त विचारणाऱ्याला बरोबर उत्तर माहीत पाहिजे, म्हणून आधी गुणलेखकाच्या वहीत डोकावून घ्यायचं. मी स्वतः वहीच्या टेबलाजवळच खुर्ची टाकतो.


सरकी

सर, प्रश्न छान आहेत, पण आमच्याकडे पेपर फुटते. पोट्ट्याले विचारलं ‘शेवटचा गुण कोनाचा?’ की मागून आठ जण ओरडतात, ‘सांग ना बे, बोनस आपल्या पिंट्यानं घेतला!’


पीटीसर (साकोली)

सरकी, खरं आहे 😄 म्हणून बाजूला नेऊन विचारायचं, पाठ मैदानाकडे करून. संघातला एकही जण जवळ नको. तरीही ओरडलेच तर उत्तर सोडून द्या, चेहरा पाहा. ज्याला नीट आठवतं तो चिडून पटकन बोलतो. ज्याला आठवत नाही तो आधी तुमच्याकडे पाहतो, मग मैदानाकडे, मग आपल्या कॅप्टनला शोधतो.


ऑरेंजसिटीएक्स्प्रेस

क्रिकेटवाल्यांनी हे सगळं भोगून झालंय, म्हणून सांगतो. आयसीसीनं १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये कन्कशन झालेल्याच्या जागी बदली खेळाडूचा नियम आणला. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेला लागला. ८० धावांवर बाहेर गेला, तिथल्या डॉक्टरांच्या तपासण्यांत पास झाला, परत येऊन ९२ पर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तेव्हा डोकं जड, लक्षणं हजर. मग लाबुशेन त्याच्या जागी आला, तो असा पहिला बदली खेळाडू.

म्हणजे जगातली उत्तम वैद्यकीय टीम सोबत असूनही कडेची तपासणी त्या दिवशी ‘ठीक’ दाखवू शकते. मग आपल्या गावात पाच प्रश्नांची उत्तरं बरोबर आली म्हणून पोराला परत आत पाठवायचं का?


मोहफूल

आणि कॅनबेरा विसरलात काय? डिसेंबर २०२०, शेवटच्या षटकात स्टार्कचा चेंडू जडेजाच्या हेल्मेटला लागला. त्याच्या जागी चहल आला, ३ बळी घेतले आणि सामनावीर झाला. ऑस्ट्रेलियावाले किती तापले होते! आपल्या इथं असं झालं तर विरोधी संघ म्हणेल, चांगला रेडर आणायले नाटक केलं.


ऑरेंजसिटीएक्स्प्रेस

मोहफूल, क्रिकेटमध्ये तेव्हा बाहेरून आणलेल्या बदली खेळाडूनं चक्क गोलंदाजी केली म्हणून वाद झाला. कबड्डीत राखीव आधीच यादीत असतो, त्याला कोणत्याही कारणानं आणता येतो. डोक्याचं सोंग करून मिळणार काय?


वैनगंगाकाठ

ऑरेंजसिटीएक्स्प्रेस यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. प्रश्न चुकले तर बाहेर, हे बरोबर. पण प्रश्न बरोबर आले म्हणून आत, हे नाही. लक्षणं काही तासांनीही येतात. म्हणून मार लागताना दिसला आणि वरच्यापैकी एकही गोष्ट आढळली, तर सगळी उत्तरं बरोबर असली तरी त्या दिवसाचा खेळ संपला. यावर जगभरात एकमत आहे.

स्कॅटमध्ये तीन मीटर सरळ रेषेवर टाचेला पंजा लावत चालायची चाचणी आहे. ती मंडळांनी करू नये. धाप लागलेल्या, घामेजलेल्या पोराचा ओल्या मातीत तसाही तोल जातो आणि उगाच वाद वाढतो.

जुनारेडर काका, तुमच्या काळातले जे उठून खेळले ते तुम्हाला दिसतात. हादरलेला मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर क्वचित मेंदूला एकदम भयंकर सूज येते, आणि ती जास्त करून कोवळ्या वयात. अमेरिकेत झॅकरी लिस्टेड नावाचा १३ वर्षांचा मुलगा २००६ मध्ये डोक्याला मार लागूनही त्याच फुटबॉल सामन्यात परत उतरला. जीव वाचला, पण कायमचं अपंगत्व आलं. त्याच्यामुळे वॉशिंग्टन राज्यात २००९ मध्ये कायदा झाला की शंका आली तर मूल बाहेर, आणि लेखी परवानगीशिवाय परत नाही. असं फार क्वचित एखाद्याला होतं, पण तो एक आपल्या गावचा असू नये.


रानमेवा (ब्रह्मपुरी)

मी विद्यापीठाकडून खेळले, आता मुलींचा संघ घेते. कोणी मांडली नाही ती बाजू सांगते. मुलगी पडली आणि चक्कर आली म्हणाली की आजूबाजूचे लगेच ठरवून टाकतात: ‘उपाशी असन’, ‘ऊन लागलं’, ‘पाळी आली असन’. लिंबूसरबत पाजून परत उभी करतात. मागच्या वर्षी डॅश मारताना (धडक देऊन बाहेर ढकलताना) दोघींची डोकी आपटली. माझी लेफ्ट कॉर्नर मला मैदानातून वारंवार विचारत होती, ‘ताई, आपण पुढे आहोत का मागे?’ सांगितलं की मान हलवायची, परत तेच. मी तिला बाहेर घेतलं तर आयोजकांपैकी एक जण मलाच म्हणाले, ‘मॅडम, पोरीचे नखरे आहेत.’

मला कळायला हवंय ते हे: सकाळपासून न जेवलेली, उन्हात खेळलेली मुलगी आणि डोक्याला मार लागलेली मुलगी यांत फरक करायचा कसा?


वैनगंगाकाठ

रानमेवा, मैदानावर तो फरक करायला जाऊच नका. धडक बसलेली दिसली आहे आणि चक्कर आहे, तर डोक्याचाच मार धरून चाला. शुद्धीवर असेल, उलटी नसेल तर पाणी, गूळ-शेंगदाणे, सावली, सगळं द्या. फक्त खेळ देऊ नका. भूकच निघाली तर एक सामना गेला, एवढंच. पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारणं हे कन्कशनमध्ये फार पाहायला मिळतं. तुम्ही तिला बाहेर काढलंत ते अगदी बरोबर केलं.


सरकी

अवांतर: शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत) धुरकरी (हाकनारा) पडते तवा काय करता? पट पुन्हा सुरू झाल्यापासून आमच्याकडे गर्दी वाढली. बैलांच्या तपासनीले पशुवैद्यक पाह्यजे, मानसाले कोनीच नाई.


ऑरेंजसिटीएक्स्प्रेस

सरकी, लक्षणं तीच, नियम तोच. हेल्मेट घाला म्हणावं, कवटी वाचते. पण हेल्मेटनं मेंदूचा हादरा पूर्ण टळत नाही, तेव्हा डोक्यावर पडलेला धुरकरी पुढच्या फेरीला नको.

अवांतराला अवांतर: १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं तिथं कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. ज्या भागानं हा खेळ तिथवर नेला, तिथं मैदानाच्या कडेला एक जाणता माणूस उभा करणं जड जाऊ नये.


पऱ्हाटीवाला (दारव्हा, जि. यवतमाळ)

सगळ्यांचे आभार. खुर्च्या फिरतीन हा जुनारेडर काकांचा मुद्दा मी हलका घेत नाही. बक्षीस मोठं असतं, वर्गणी गावभरातून येते, खेळाडू स्वतःच ‘मी ठीक आहे’ म्हणतो, कॅप्टन म्हणतो, ‘एक चढाई मारू द्या.’ अशा वेळी ‘बाहेर’ म्हणणारा माणूस कोण असावा? पंच म्हणतात, आमचं काम गुणांचं. प्रशिक्षकाला सामना जिंकायचा असतो. आम्ही आयोजक आणि आमचाच संघ स्पर्धेत, म्हणजे आमच्यावर विश्वास नाही.


पीटीसर (साकोली)

ज्याचा त्या सामन्याच्या निकालाशी संबंध नाही असा माणूस. आमच्या केंद्रस्तरीय सामन्यांत आम्ही तिसऱ्या शाळेचा शिक्षक बसवतो. तुम्ही तिसऱ्या गावचा बसवा. आरोग्य उपकेंद्राचे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) किंवा सिस्टर आल्या तर उत्तमच, नाहीतर ज्यानं सीआरटीचा कागद नीट वाचलाय असा कोणीही. त्याचा शब्द शेवटचा, हे प्रवेश अर्जावर आधीच लिहून कॅप्टनची सही घ्या. सामना सुरू व्हायच्या आधी माईकवरून सांगा, संध्याकाळी पुन्हा सांगा. भांडण नियमामुळे होत नाही. ऐनवेळी, गुण पाहून नियम काढला की होते.


जुनारेडर

सर, हे पटते. अर्जावर सही असन तं कोनी बोंबलनार नाई. पन एक सांगा, समोरचा संघच वरडला, ‘ह्याच्या डोक्याले लागलं, काढा ह्याले,’ तं? चांगला रेडर बाहेर काढाचा सोपा रस्ता होईन तो.


पीटीसर (साकोली)

वरडू द्या. संघानं सांगितलं म्हणून कोणी बाहेर जात नाही, मागितलं म्हणून कोणी आत येत नाही. त्या तिसऱ्या माणसानं मार पाहिलेला असावा, नाहीतर खेळाडूशी स्वतः बोलून लक्षण पाहिलेलं असावं. म्हणूनच त्यानं सामनाभर मोबाईल खिशात ठेवायचा.


रानमेवा (ब्रह्मपुरी)

बाहेर काढलं, पुढे काय, तेही ठरवा. आमच्याकडे संघ पिकअपमध्ये नाहीतर मोटारसायकलवर येतात. बाहेर काढलेला पोरगा रागानं गाडीला किक मारून एकटा निघतो, रात्री, जंगलाच्या रस्त्यानं.


वैनगंगाकाठ

अगदी महत्त्वाचं. निदान पहिले तीन तास त्याला एकटं सोडायचं नाही. गाडी चालवायची नाही, एकट्याला घरी पाठवायचं नाही, दारू अजिबात नाही (जिंकल्याच्या आनंदातली पण नाही). डॉक्टरला न विचारता दुखण्याच्या गोळ्या, विशेषतः ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नका. शक्यतो त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. ‘डोक्याला मार लागला, झोपू देऊ नका’ हेही घरोघरी ऐकायला मिळतं. तपासून झालं असेल, नीट बोलत असेल तर झोपू द्या, झोप चांगलीच. फक्त सोबत कोणीतरी असावं आणि वरची धोक्याची लक्षणं घरच्यांना सांगितलेली असावीत.

नंतरचे एक-दोन दिवस आराम, म्हणजे अंधाऱ्या खोलीत पडून राहणं नव्हे. थोडं चालणं-फिरणं चांगलं, मोबाईल मात्र कमी. मग पायरी-पायरीनं: हलका व्यायाम, एकट्याचा सराव, धडक नसलेला सराव, डॉक्टरची परवानगी, पकडीचा सराव, शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास, आणि त्रास वाढला तर थांबायचं. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी साधारण आठवडा जातो, मुलांना बऱ्याचदा जास्त.


पीटीसर (साकोली)

यात शाळा आधी, खेळ नंतर. दहावीतला पोरगा असेल तर वर्गशिक्षकाला कळवा. फळ्याकडे पाहून डोकं दुखते, वाचलेलं राहत नाही, आणि आपण म्हणतो कबड्डीच्या नादात अभ्यास बुडवला. थोडे दिवस अर्धा वेळ शाळा आणि कमी गृहपाठ दिला की बहुतेक पोरं रुळावर येतात.


पऱ्हाटीवाला (दारव्हा, जि. यवतमाळ)

बैठकीसाठी मसुदा केला, चुकलं तर सांगा:

“डोक्याला, चेहऱ्याला किंवा मानेला मार लागून वागण्या-बोलण्यात फरक दिसल्यास किंवा खेळाडूने त्रास सांगितल्यास त्याला तात्काळ बाहेर घेऊन राखीव खेळाडू देण्यात येईल. निर्णय मंडळाने नेमलेल्या, दोन्ही संघांच्या गावचे नसलेल्या निरीक्षकाचा राहील व तो अंतिम असेल. असा खेळाडू त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही. डॉक्टरांनी तंदुरुस्त असल्याचे लिहून दिल्यास त्याच स्पर्धेत खेळता येईल. त्याला एकट्याला घरी सोडण्यात येणार नाही.”


वैनगंगाकाठ

चौथं वाक्य काढा. तुमची स्पर्धा तीन दिवसांची. दुसऱ्या दिवशी कोणीतरी कुठून तरी चिठ्ठी आणेलच आणि तिच्यावरून भांडण होईल. ‘त्या स्पर्धेत पुन्हा नाही’ असं सरळ लिहा. आणि मान दुखत असल्यास जागचं हलवू नये, १०८ ला फोन करावा, हे वाक्य सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात.


पऱ्हाटीवाला (दारव्हा, जि. यवतमाळ)

दोन्ही बदल केले. आता फक्त निरीक्षक शोधायचा आहे.


जुनारेडर

आमचा संघ यंदा तुमच्याकडे उतरत नाई, आर्णीले जाते. तिसऱ्या गावचा मानूस पाह्यजे असन तं मी येतो. तीनही रात्री. तो कागद मराठीत असन तं पाठवा, पोरीकडून समजून घेतो. एका रेडरनं दुसऱ्याले थांब म्हटलं तं तो ऐकनच.


वैनगंगाकाठ

काका, कागद मी मराठीत करून इथेच टाकते. जमलं तर एकदा फोनवर बोलू, तुम्ही विचाराल ते प्रश्न आधी माझ्यावर करून पाहा.


पऱ्हाटीवाला (दारव्हा, जि. यवतमाळ)

काका, वहीच्या टेबलाजवळ तुमची खुर्ची पक्की. जेवण-मुक्काम मंडळाकडे. रविवारी ठराव झाला की इथं कळवतो.


मोहफूल

कागद टाकला की आमच्या मंडईसाठीही घेतो. प्रिंट मोठ्या अक्षरात करा, म्हाताऱ्या पंचांना वाचता आला पाहिजे.